चौदा नंबर चारी चाकांवर

१४ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी. पुढे कोणी विचारलं, वेंडेल, हे जमलं कसं, तर नुसत्या आठवणीवर विसंबायला नको.

बस घेतली. शाळेच्या लिलावात. पिवळी, लांब नाकाची, बाजूवर मोठा १४ आकडा. म्हणजे आर्लीनचीच बस! हिच्यावर तिने वीस हिवाळे मुलं वाहिली आणि गेल्या जूनमध्ये दोघी एकाच दिवशी रिटायर झाल्या. बायकोला याहून मोठं सरप्राइज कोणता नवरा देईल? अंगणात आणून उभी केली, हॉर्न दिला. आर्लीन हात पुसत बाहेर आली. बघत राहिली. मग म्हणाली, वीस वर्षं ज्या सीटवरून सुटायची वाट बघितली, ती सीटच घरी घेऊन आलास.

आनंद झाला की ती असंच बोलते.

प्लॅन असा. घर विकायचं, गिऱ्हाईक तयार आहे. बसमध्ये संसार थाटायचा. आमची टेसा हकलबेरी रिजच्या माथ्यावर राहते, तिच्या घराला लागून सपाट जागा आहे, तिथे बस लावायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला बाळ होणार. आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर. अडचण एकच, रिजचा रस्ता. मातीचा, उभ्या चढाचा, हिवाळ्यात सगळा बर्फ. बसचं इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं, तेव्हा साधी बस तिथे चढणं अशक्य. म्हणून मी पुढचीही चाकं फिरवणार. फोर-व्हील ड्राइव्ह. व्हिडिओतल्या दाढीवाल्याने तीन वीकेंडमध्ये केलं. मी चार धरतो. घाई नको.

आर्लीन म्हणायला लागली, अरे, त्या रस्त्यावरून मी रोज... मी म्हटलं, तू आता काही डोक्याला लावून घेऊ नकोस. सगळं माझ्यावर सोड.

टेसाला फोन करून शब्द दिला. बाळ यायच्या आत तुझ्या दारात येतो, आणि बसनेच येतो. दुसऱ्या कशाने येणार नाही. ती म्हणाली, बाबा, चालत आलात तरी चालेल.

२१ एप्रिल, रविवार

कामाला जागा मिळाली. मेहुणा डेलमार, म्हणजे आर्लीनचा धाकटा भाऊ, शेतकरी माणूस. त्याची गवताची मोठी शेड सध्या रिकामी आहे. बस नाक पुढे करून आत घातली. दारावरच्या तुळईखालून गेली तेव्हा वर फक्त वीतभर जागा राहिली. डेलमारने शिट्टी वाजवली. मी म्हटलं, अंदाज लागतो, अंदाज.

डेलमारची अट: जुलैत गवत कापायचं, त्याआधी शेड मोकळी हवी. मी हसलो. जुलैत मी रिजवर लाकडी खुर्चीत बसून लिंबू सरबत पीत असेन.

५ मे, रविवार

रंग पूर्ण झाला. शाळेची बस विकत घेतली की पिवळी ठेवता येत नाही, कायदा आहे. गाड्या थांबवणारा लाल हातही काढून टाकावा लागतो. ते सगळं केलं. एकतीस वर्षं मी दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा होतो, त्यामुळे इथे मला कोणी शिकवायला नको. हिरवा असा जमलाय की बस पाइनच्या झाडांत उभी केली तर सापडायची नाही. आर्लीनसुद्धा म्हणाली, रंग छान आहे. पुढे म्हणाली, पण आधी इंजिनाकडचं काम आणि मग रंग असं नसतं का? आधी कळस मग पाया चाललंय तुझं. मी म्हटलं, मन उभारी धरतं त्याने.

संध्याकाळी बसखाली शिरून पाहणी. मागच्या चाकांजवळ दोन्ही बाजूंना साखळ्यांचे तुकडे लोंबत होते, मधे एक चकती, वर नळ्या. सगळं गंजलेलं. ड्रायव्हरच्या समोरच्या बटणाशी जोडलेलं काहीतरी. फोर-व्हीलला याचा काय उपयोग? वजन कमी करणं हा पहिला नियम, दाढीवाला नेहमी सांगतो. कापून काढलं. भंगारवाल्याने आनंदाने नेलं.

आर्लीनला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. हात थांबले. म्हणाली, साखळ्या कापल्यास? बटण दाबलं की बर्फात पकड द्यायला चाकाखाली जाऊन पडतात त्या? मी म्हटलं, हो, त्याच, जुन्या झाल्या होत्या. ती बराच वेळ नळ बंद करायची विसरली. जुन्या वस्तूंत जीव अडकतो माणसाचा. समजू शकतो.

१८ मे, शनिवार

अॅक्सल मिळाला! पुढची चाकं ज्यावर बसतात तो आडवा दांडा, पण साधा नव्हे, चाकं फिरवणारा. भंगारवाल्याकडे जुन्या अग्निशामक ट्रकचा होता. तो हट्टी माणूस, म्हणाला, अदलाबदल करू. आर्लीनची छोटी गाडी दारात उभीच असते. बसमध्ये राहायला गेल्यावर गाडी हवी कशाला? दिली.

हा अॅक्सल मोठा आहे. त्याला जागा करायला बस पुढून मागून उचलावी लागेल. हिशेब केला: वीतभर आणि वर दोन बोटं. उंच बस दिसतेही रुबाबदार.

आर्लीन शेडपर्यंत चालत आली. मी गाडीबद्दल सांगितलं. ती आली तशीच चालत परत गेली. व्यायाम होतो तिला.

१ जून, शनिवार

घराच्या किल्ल्या नव्या लोकांना दिल्या. खरं तर यावेळी बस तयार असायची होती, पण काही गोष्टी हातात नसतात. बसची चारी चाकं काढलेली, बस लोखंडी घोड्यांवर. त्यातच राहायला आलो. पलंग मागे, शेगडी पुढे. मी कूस बदलली की सगळा संसार डुलतो. आर्लीन म्हणते, हळू वळ, नाहीतर दोघं खाली जाऊ आणि पेपरात येईल. मला मात्र छान झोप लागली.

१६ जून, रविवार

फादर्स डे. टेसाचा फोन. पोट दिसायला लागलंय म्हणाली. बाळंतपण घरीच करणार, सुईण येणार. विचारलं, बस कुठवर आली? मी म्हटलं, ऐंशी टक्के.

आज एक कोडं सोडवलं. अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा उजवीकडे आणि इंजिनाकडून येणारा शाफ्ट डावीकडे. जुळेना. दोन दिवस डोकं खाजवलं. मग सुचलं, अॅक्सल उलटा करून बसवू! वरची बाजू खाली. गोळा बरोबर डावीकडे येतो. दाढीवाल्यालाही हे सुचलेलं नाही. त्याच्या व्हिडिओखाली लिहून टाकलं. त्याने लाइकचा अंगठा दिला.

४ जुलै, गुरुवार

आज गावच्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये बस चालवायचं मी चर्चच्या जेवणात जाहीर केलं होतं. नाव छापलंसुद्धा: वेंडेल टटल आणि त्यांची फोर-व्हील बस.

सकाळी चाचणी. बस घोड्यांवरच, चाकं अधांतरी लावलेली. आर्लीन आणि डेलमार बघायला उभे. गिअर टाकला. मागची चाकं पुढे फिरायला लागली. पुढची मागे.

पुन्हा बघितलं. पुढची मागेच.

अॅक्सल उलटा बसवला की चाकंही उलटी फिरतात, हे कोणत्याही व्हिडिओत नाही. डेलमार टोपी काढून छातीशी धरून बघत होता. म्हणाला, परेडला हे उत्तमच की, बस जागेवर उभी राहील, गावाला तिच्याभोवती फिरवू. आर्लीन हसली. एप्रिलपासून पहिल्यांदा हसली, म्हणून मी काही बोललो नाही.

परेडमध्ये माझ्या नावाच्या जागी आर्लीनने डेलमारचा ट्रॅक्टर चालवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुटपाथवर बटाट्याचं सॅलड खाल्लं.

२० जुलै, शनिवार

डेलमारने गवत कापलं. मी म्हटलं, थोडे दिवस दे. तो म्हणाला, गवत थांबत नाही, वेंडेल, तू हवं तर थांब. आणि त्याने आमच्या बसच्या दोन्ही बाजूंनी गठ्ठे रचले, छतापर्यंत. बसचं पुढचं दार गठ्ठ्यांनी बंद. खिडक्यांतून बाहेर फक्त गवत दिसतं. आता ये-जा मागच्या संकटकालीन दारातून. खाली पायरी म्हणून एक गठ्ठा ठेवलाय. दार उघडलं की बझर वाजतो, रेंऽऽ, थेट शेतापलीकडच्या डेलमारच्या घरापर्यंत.

मी बझरची वायर काढणार होतो. आर्लीन म्हणाली, राहू दे, या जागेतून कोणीतरी बाहेर पडतंय एवढं तरी ऐकू येतं.

संकल्प: रोज सकाळी सहाला उठून काम.

११ ऑगस्ट, रविवार

सहाला उठणं जमत नाही, गवताने नाक चोंदतं. डोंगरात वणवे लागलेत, धूर शेडमध्ये भरून राहतो. जावई वणवा विझवायला गेलाय. टेसा एकटी वर. आर्लीन रोज फोनवर तिचं खाणंपिणं विचारते आणि फोन ठेवल्यावर खिडकीतल्या गवताकडे बघत बसते. काल म्हणाली, वेंडेल, मला इथे कोंडल्यासारखं होतं रे. लेकीला माझी गरज आहे आणि मी गठ्ठ्यांत बसलेय. तिच्या आवाजाने मला कसंतरी झालं. मी तिचा हात धरून सांगितलं, अगं, बाळ यायच्या आत पोचू, शब्द आहे माझा. तिने हात काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

अॅक्सल खाली उतरवून सरळ करतोय. डावीकडच्या शाफ्टचा जोर उजवीकडे नेणारी गिअरची नवी पेटी शोधतोय.

१ सप्टेंबर, रविवार

पेटी मिळाली. बसत नाही. बसवतो.

शेडची जमीन वाकडी आहे, हे आज लक्षात आलं. सगळ्याचं मूळ तेच असणार. आर्लीनला दाखवलं. ती म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं.

२२ सप्टेंबर, रविवार

झालं!!

चारी चाकं एका दिशेने फिरतात. पुढे. तीनदा चालवून बघितलं. डेलमारला बोलावलं. त्याने वाकून बघितलं, टायरला लाथ मारली, म्हणाला, फिरतात खरी. आर्लीन माझ्या गळ्यात पडली. गालाला ग्रीस लागलं तरी पुसलं नाही. मग तिने डेलमारच्या बायकोच्या चुलीवर हकलबेरीची फळं भरून गोड पेस्ट्री केली, सगळी मीच खाल्ली. टेसाला फोन केला. ती रडली. मीही जरासा.

लोक म्हणत होते, रंगाच्या काउंटरवरचा माणूस. घ्या.

शनिवारी निघतो. डेलमार मागचे गठ्ठे हलवून देणार. आर्लीनने बाळाचे कपडे धुऊन, घडी करून वरच्या कप्प्यात ठेवले.

२८ सप्टेंबर, शनिवार

निघालो नाही.

बस घोड्यांवरून उतरवली, चाकांवर घेतली. आर्लीन शेजारी बसली होती, केस विंचरून, ठेवणीतला स्वेटर घालून. रिव्हर्स टाकला. बस रुबाबात मागे गेली आणि धाडकन थांबली. वरून रंगाचे कपचे पडले.

तुळई.

आत येताना वर वीतभर जागा होती. बस उंच केली वीतभर आणि दोन बोटं. दोन बोटं जास्त. फक्त दोन. डेलमार बाहेर उभा राहून बोटांनी मोजत होता. अंदाज लागतो म्हणाला होतास ना, म्हणाला. छताच्या कडेचा हिरवा रंग खरवडून खालचा पिवळा वर आलाय.

आर्लीन म्हणाली, तू दार नाही मोजलंस? मी म्हटलं, बस मोजली. ती सीटवरून उठली नाही. स्वेटर घालून तशीच समोरच्या गवताकडे बघत बसून राहिली.

फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दोन बोटांचा प्रश्न आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

उपाय अगदी सोपा. टायरमधली हवा सोडायची. सोडली. बस तीन बोटं बसली. रिव्हर्स. तुळईखालून सरकायला लागली! मी ओरडलो, बघा! डेलमार ओरडला, थांब! बाहेर दारासमोर खडीचा चढ आहे, दरवर्षी बर्फासोबत खडीही ढकलली जाऊन झालेला. मागची चाकं त्यावर चढली, बसचा मागचा भाग वर उठला, आणि छत तुळईखाली पाचरीसारखं घुसलं. मी जरा जोर दिला. इथे सांगायला हवं, चारी चाकांनी अप्रतिम पकड घेतली. साध्या बसला एवढं घट्ट अडकणं जमलंच नसतं.

आता पुढे जात नाही, मागे जात नाही. पुढे जोर दिला तर तुळई कण्हते. डेलमारने आत हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाला, हत्ती गेला शेपूट राहिलं असं ऐकलं होतं, इथे शेपूट गेलं आणि हत्ती राहिला.

१३ ऑक्टोबर, रविवार

सद्यःस्थिती: पलंग बाहेर, शेगडी आत. झोपायला थंडीत, जेवायला गवतात. शेडचं सरकतं दार लागत नाही. रात्री पाणी गोठलं.

तुळई कापण्याचा विषय काढला. डेलमार म्हणाला, आमच्या बाबांनी बसवलेली आहे, हिवाळ्यात छपरावरचा सगळा बर्फ तीच पेलते. काप हवी तर, छप्पर तुझ्याच डोक्यावर येईल, माझी त्याला हरकत नाही, पण गवत भिजेल.

आर्लीन म्हणाली, नवा अॅक्सल काढ, जुना बसव. पुढून बस खाली बसली की सुटेल. मी म्हटलं, म्हणजे पुन्हा टू-व्हील? ती म्हणाली, हो, जशी आली होती तशी. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तरी एक शक्यता म्हणून जुना अॅक्सल शोधला. डेलमारने त्याची गवत वाहायची ट्रॉली केलीये. हिवाळाभर गुरांना गवत त्यावरूनच जाणार. वसंतात देतो म्हणाला.

दाढीवाल्याचा नवा व्हिडिओ आला. विषय: मी माझी बस का विकतोय. पूर्ण बघितला नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शाळेच्या वाहतूक ऑफिसचा फोन आर्लीनला. रिजच्या रूटवरचा ड्रायव्हर शिकारीत पडला, कंबर मोडली. हिवाळाभर येशील का? आमच्याकडे लांबच्या रूटचे ड्रायव्हर बस घरीच नेतात, सकाळी तिथूनच निघतात. आर्लीनने विचारलं, रूटच्या टोकाला मुक्काम ठेवला तर चालेल का, लेकीकडे? त्यांनी सांगितलं, आनंदाने.

मी म्हटलं, ही तात्पुरती सोय समजू, मी बस घेऊन येतोच. ती सामान भरत होती. वरच्या कप्प्यातले बाळाचे कपडे आधी घेतले. म्हणाली, वेंडेल, मी एप्रिलपासून सांगतेय. त्या रस्त्याने मी वीस वर्षं बस नेली. टू-व्हील. साखळ्या टाकून. रोज. आणि तू एकदाही वाक्य पूर्ण करू दिलं नाहीस. मी म्हटलं, आता पूर्ण झालं ना? ती मागच्या दाराने उतरली. बझर वाजला. बराच वेळ वाजत राहिला, कारण दार लावायला मला उठवेना.

३० ऑक्टोबर, बुधवार

पहिला बर्फ. पलंगावरही थोडा.

आर्लीनची बस रोज शेडसमोरून जाते. सकाळी खाली, दुपारी वर. पिवळी. थांबत नाही. यादीत नाव नसलेल्याला शाळेच्या बसमध्ये घेता येत नाही. वीस वर्षांत तिने नियम मोडला नाही, माझ्यासाठी मोडेल ही अपेक्षा नव्हती. हात हलवते. मुलंही हलवतात.

जावयाचा फोन आला, पिकअप घेऊन न्यायला येतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मी बसनेच येणार, टेसाला शब्द दिलाय.  मग म्हणाला, बरं. मागून टेसाचा आवाज आला, बाबांना म्हणावं हट्ट पुरे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एक नवी कल्पना आहे: चढाची खडी खणायची. उद्यापासून.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मुलगी झाली. दुपारी. आर्लीनचा फोन, ती हसत होती आणि रडत होती. सगळे ठीक. नाव आयोना. मागून रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडलेला. मी विचारलं, कोणासारखी दिसते? आर्लीन म्हणाली, ऐकत कोणाचंच नाही, त्यावरून ओळख.

फोन ठेवल्यावर हातातल्या कुदळीकडे बघितलं. खडी गोठून दगड झालीये, वीतभरही खणली नाही. शेजारच्या गठ्ठ्यावर बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जावई येतो म्हणाला होता. मी नको म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

डेलमारला स्वतःहून सांगितलं, मला वर सोड. त्याचा पिकअप फोर-व्हील आहे. निघालो. मनात म्हटलं, पोचल्यावर सांगता येईल, बघा, शेवटी फोर-व्हीलच कामाला आली. दुसऱ्या वळणावर पिकअप थांबला, मग मागे मागे घसरत खाली आला. अगदी शांतपणे. डेलमार म्हणाला, फोर-व्हीलचं असं आहे, घसरायला लागली की चारी चाकांनी एकदम घसरते. साखळ्या आणायला हव्या होत्या. मी खिडकीबाहेर बघितलं.

समोरून आर्लीनची बस उतरत होती. खेळाडू मुलांची सामन्याची फेरी. खालून खळखळ आवाज येत होता. आमच्या शेजारून गेली. तिने हात हलवला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

टेसाशी बोललो. न्यायला येणार का, असं विचारायला तोंड नव्हतं, तरी विचारलं. ती म्हणाली, नवरा लाकूडतोडीच्या कँपवर गेलाय, पिकअप घेऊन. आणि आईने सांगितलंय, तान्ह्या मुलीला सोडून कोणीही डोंगर उतरायचा नाही. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. हे वाक्य बोलायला जड गेलं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी आर्लीनचा फोन. रिजच्या रूटवर लहान मुलं वाढलीत, शाळेला बसमध्ये एक मदतनीस हवाय. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, बूट शोधून द्यायचे, दुपारच्या फेरीला वर जाऊन सकाळी खाली. यादीत नाव असेल तरच बसमध्ये बसता येतं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, इतरांसारखा अर्ज कर.

केला. शाळेच्या नोकरीला पोलिस तपासणी लागते, त्यासाठी बोटांचे ठसे दिले. त्या दोन बोटांचेही.

२ डिसेंबर, सोमवार

दुपारी शेडसमोर उभा राहिलो. चमकणारं पिवळं जाकीट, गळ्यात नावाची पट्टी. मागे शेडमधून आमच्या हिरव्या बसचं शेपूट बाहेर, त्यावर बर्फ. आर्लीनची बस आली, दिवे लुकलुकले, लाल हात बाहेर आला, आणि समोरून ट्रॉली ओढत येणारा डेलमारचा ट्रॅक्टर कायद्याप्रमाणे थांबला. ट्रॉली माझ्या जुन्या अॅक्सलवर छान चालते.

मी चढलो. आर्लीन माझ्याकडे न बघता म्हणाली, मिस्टर टटल, बसा. बेल्ट लावा. ड्यूटीवर ती सगळ्यांना अहो-जाहो करते. पहिल्या सीटवर बसलो, एका दात पडलेल्या मुलीशेजारी. तिने विचारलं, ती अडकलेली बस तुमची? मी म्हटलं, हो. तिने विचारलं, का अडकली? मी म्हटलं, उंच केली म्हणून. तिला ते पटलं.

सगळी मुलं उतरली. पुढे चढ. पुढची काच पांढरी. आर्लीनने समोरचं बटण दाबलं. मागून खळखळ आवाज सुरू झाला. तो आवाज मी आधी पुष्कळदा ऐकला असणार. वीस वर्षं दुपारी ती घरासमोरून जाताना. बस चढली. धक्का नाही, घसरणं नाही, ज्या वळणावरून डेलमार आणि मी मागे आलो होतो त्यावरून सरळ वर. मला काहीतरी बोलायचं होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी आहे: बस चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये. नाही बोललो.

माथ्यावर टेसाचं घर, शेजारी सपाट जागा. तिथे बर्फात दोन समांतर चाकोऱ्या, रोज एकाच ठिकाणी उभ्या राहणाऱ्या बसच्या. आर्लीनने बस बरोबर त्यांत आणून लावली. मी एप्रिलमध्ये कागदावर आखली होती तीच जागा.

टेसा दारात आली, गोधडीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. मी जाकीट न काढताच गेलो. आयोनाने माझ्याकडे बघितलं, मग जाकिटाच्या चमकणाऱ्या पट्टीकडे बघितलं, पट्टी जास्त आवडली.

टेसा म्हणाली, बाबा, शेवटी बसनेच आलात की.

आर्लीनने हँडब्रेक ओढला, खाली उतरली, चाकांपाशी वाकून साखळ्या बघितल्या. मग मला म्हणाली, आत चल, हात गार पडलेत तुझे, गार हातांनी तिला घेऊ नकोस.